नवी मधली की जुनी टॉप? क्रेटा घेताना मागच्या सीटवरून बघा

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका वहिनींनी विचारलंय. घरात पाच माणसं: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. जुनी हॅचबॅक काढून ह्युंदाई क्रेटा घ्यायचं घाटतंय. नवऱ्याला नवी, मोठ्या सनरूफची टॉप मॉडेल हवी आहे. दीर म्हणतात, २०२१ ची टॉप डिझेल ऑटोमॅटिक चांगल्या भावात मिळतेय, ती उचला. वहिनींचं म्हणणं असं: "महिन्याला सात-आठशे किलोमीटर इंदुरातच, वर्षातून तीनदा नाशिक, एक-दोनदा ओंकारेश्वर. ही गाडी नक्की काय आहे, दहा वर्षांत तिच्यात खरं काय बदललं, आणि आम्ही यातलं काय घ्यावं?"

वहिनी, आधी उत्तर देतो, म्हणजे घरात वाद चालू ठेवायचा असेल तर मधूनच वाचणं सोडता येईल. नवी घ्या, साधं पेट्रोल घ्या, ऑटोमॅटिक घ्या आणि मधलं मॉडेल घ्या. टर्बो (हवा दाबून जास्त जोर काढणारं इंजिन) नको, डिझेल नको, आणि दिरांची जुनी टॉप तर नकोच. आता कारणं.

मी एकोणीस वर्षं इंदूरजवळच्या पीथमपुरात गाड्यांच्या चाचणीत काढली. गाडी खड्ड्यात कशी बसते, वळणावर कशी झुकते, ब्रेक मारल्यावर कुठे जाते, हे माझं काम. क्रेटा बनवणाऱ्या कंपनीत मी कधीच नव्हतो, त्यामुळे प्रेम नाही आणि आकसही नाही. पण स्पर्धकाची गाडी विकत आणायची, पार्ट न् पार्ट सुटा करून टेबलांवर मांडायचा आणि चहा पीत त्याच्याभोवती फिरायचं, हा आमच्या धंद्यातला जुना उद्योग. त्यातून एक सवय लागली. कोणतंही नवं मॉडेल आलं की पत्र्याच्या आत काय बदललं ते आधी बघायचं, स्क्रीन किती इंचांची हे सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे उंच दिसणाऱ्या प्रत्येक गाडीला घरातली मोठी माणसं "जीप" म्हणतात. क्रेटा जीप नाही. बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या खाली शिडीसारखी जाड लोखंडी चेसिस असते आणि वरची बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. क्रेटाला अशी वेगळी चेसिसच नाही. तळ, खांब, छप्पर हे सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड करून एकच डबा केलेला असतो, आणि तोच सांगाडा. तुमच्या हॅचबॅकचं हाडही याच जातीचं. फरक इतकाच, की ही जरा मोठी आहे आणि जमिनीपासून उचललेली आहे, १९० मिलिमीटर. क्रॉसओव्हर म्हणजे हेच: कारचं हाड, जीपची उंची. १९९४ मध्ये टोयोटाने कोरोला आणि करिनाचे भाग वापरून रॅव्ह-४ काढली तेव्हापासून ही जात जगभर पसरली. फायदा असा, की तळ खाली राहतो, चढायला सोपं जातं, वळणावर गाडी बोटीसारखी डोलत नाही, वजन कमी म्हणून पेट्रोलही कमी पितं. तोटा एवढाच, की नदीच्या पात्रात आणि शेताच्या बांधावर हिला घालू नये. क्रेटा फक्त पुढच्या चाकांवर चालते. तुम्हाला ओंकारेश्वरला जायचंय, नर्मदेत उतरायचं नाहीये.

भारतात या आकाराला गिऱ्हाईक आहे हे आधी रेनॉच्या डस्टरने दाखवलं, जुलै २०१२ मध्ये. लोगनच्याच हाडावर बेतलेली साधी, मजबूत गाडी. खराब रस्त्यावर तिचे शॉकअप आजही आठवतात. आमच्या खात्यातले सगळे तिच्या प्रेमात होते. पण आतून ती रिकाम्या वर्गखोलीसारखी वाटायची, आणि गाडी विकत घेणारी माणसं आतच बसतात, हे आम्हा चाचणीवाल्यांना नेहमी उशिरा कळतं. २१ जुलै २०१५ ला क्रेटा आली ती नेमकी तिथे बोट ठेवून. चीनमध्ये हीच गाडी आधीच्या वर्षी आयएक्स-२५ या नावाने आली होती. आपल्याकडे नाव क्रीट बेटावरून. लांबी ४२७० मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या वर. लहान गाड्यांवर कर कमी, हा २००६ पासूनचा नियम. त्यासाठी चार मीटरच्या आत राहायचं आणि मग डिकी मागून सुरीने कापल्यासारखी करायची, ही तडजोड क्रेटाने केलीच नाही. कर भरा, पण बॅगा नीट ठेवा. २०१६ ची इंडियन कार ऑफ द इयर तीच ठरली.

पहिल्या पिढीत १.६ लिटरचं पेट्रोल होतं, १२३ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), आणि दोन डिझेल इंजिनं, १.४ आणि १.६. त्यातलं १.६ डिझेल १२८ पीएस ताकदीचं आणि २६० न्यूटन-मीटर खेचीचं. चालवायला मजेदार होतं, घाट तर ते गिळायचं. दिरांच्या मनात बहुधा तेच डिझेल घर करून बसलंय. मे २०१८ मध्ये किरकोळ बदल झाले आणि सनरूफ आलं. तिथून पुढे या देशात काय झालं ते तुम्ही लग्नाच्या वरातीत बघितलंच आहे.

१६ मार्च २०२० ला दुसरी पिढी आली, नऊ दिवसांनी देश बंद. तरी विकली गेली. दोन चाकांमधलं अंतर २५९० वरून २६१० मिलिमीटर झालं. वीस मिलिमीटर म्हणजे तुमच्या अंगठ्याची रुंदी, पण ती मागच्या माणसाच्या गुडघ्यापुढे मिळाली तर मोठी असते. मागची पाठ दोन टप्प्यांत रेलता येऊ लागली. मोठं काचेचं सनरूफ, पुढच्या सीटमधून गार हवा, बटणाचा हँडब्रेक, १०.२५ इंचांची स्क्रीन, हे सगळं वरच्या मॉडेलांत. १.६ ची इंजिनं गेली, कारण १ एप्रिलपासून धुराचे नवे, कडक नियम, बीएस-६, लागणार होते. त्यांच्या जागी १.५ लिटरचं पेट्रोल आणि १.५ लिटरचं डिझेल आलं, दोन्ही ११५ पीएसच्या घरात, शिवाय १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल १४० पीएसचं. हीच ती दिरांची गाडी.

आता इथे थोडं थांबू. एप्रिल २०२२ मध्ये गाड्या ठोकून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने ही दुसऱ्या पिढीची, भारतात विकली जाणारी, दोन एअरबॅगची क्रेटा ठोकून बघितली. पाचपैकी तीन तारे. तारे एक वेळ बाजूला ठेवा, माझा डोळा दुसऱ्याच ओळीवर गेला: धडकेनंतर सांगाडा अस्थिर. म्हणजे आणखी जोराचा आघात झाला असता, तर माणसं बसतात ती जागा आकार टिकवेलच याची खात्री नाही. एअरबॅग हा डब्याच्या आतला कापूस. डबाच चेपला तर कापूस किती आहे हा प्रश्न मागे पडतो. दीर म्हणतील, "टॉप मॉडेलला सहा एअरबॅग आहेत." आहेत. पण डबा तोच आहे.

त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट थेट तुमच्या घराची आहे. त्या गाडीत सगळ्या सीटना तीन ठिकाणी अडकणारा पट्टा नव्हता. मागे मधोमध फक्त कमरेचा पट्टा, विमानात असतो तसा.

तुमच्या घरातली माणसं बसवून बघतो. मुलगा चार वर्षांचा, त्याला चाइल्ड सीट लागणार. ती आयसोफिक्सच्या कड्यांना अडकते आणि त्या कड्या मागच्या दोन्ही कडेच्या सीटना असतात. सासूबाईंना डाव्या बाजूला बसवायला हवं, कारण आपल्याकडे डावीकडे फूटपाथ येतो आणि त्यांना उतरताना वेळ लागतो. उजवीकडे उतरवलं तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचं भान कोण ठेवणार? म्हणजे चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे, आजी डावीकडे, आणि अकरा वर्षांची मुलगी मधे. कायम मधे. नाशिकपर्यंतचे चारशेच्या वरचे किलोमीटर मधे. त्या मुलीच्या खांद्यावरून पट्टा जातो की नाही, हा तुमच्या घरासाठी या गाडीतला सगळ्यात मोठा फीचर आहे आणि तो कुठल्याच जाहिरातीत नाही. कमरेच्या पट्ट्यात धडकेच्या वेळी वरचं अंग पुढे घडी घालतं, सगळा भार पोटावर येतो. लहान मुलांत यातून पोटाच्या आतल्या आणि मणक्याच्या इजा होतात.

१६ जानेवारी २०२४ ला जी क्रेटा आली तिच्यात लोक पुढचे दिवे आणि दोन जोडलेल्या स्क्रीन बघत होते. मी यादीतलं खालचं वाचलं. सहा एअरबॅग खालच्या मॉडेलपासून. पाचही सीटना तीन ठिकाणी अडकणारे पट्टे. चारही चाकांना डिस्क ब्रेक. घसरताना गाडी सावरणारं ईएससी सगळ्या मॉडेलांना. आणि कंपनीने सांगाडा आणखी मजबूत केल्याचं जाहीर केलं. म्हणून म्हणतो, २०२१ ची टॉप आणि आजची मधली यांत निवड करायची असेल तर आजची मधली. चामड्याची सीट नंतर इंदुरात कुठेही शिवून मिळते, पण पट्ट्याची खुंटी आणि सांगाड्याचं पोलाद बाजारात मिळत नाही.

आता सासूबाई. इथे माझाच एक मूर्खपणा सांगायला हवा.

मी माझी पहिली क्रॉसओव्हर घेतली तेव्हा (कंपनी कुठली ते राहू द्या) मला वाटलं, गाड्यांतलं मला कळतं. घाटात पळवून बघितली, ब्रेक तपासले, डिकीत डोकं घातलं, घेतली. आईला मागे बसवायचो. ती काही बोलली नाही. दोन वर्षांनी रामबागेत एका लग्नाला गेलो, मी आधीच उतरलो होतो आणि सहज मागे वळून बघितलं. आईने आधी डावा हात मधल्या खांबाच्या कडेवर ठेवला, जिथे पुढचं दार बंद होतं. मग कमरेतून वाकून डोकं बाहेर काढलं. मग एक पाय बाहेर आला, पण दाराच्या खालचा उंबरा इतका रुंद, की तो पाय जमिनीवर सरळ टेकेना, आणि साडीचा काठ उंबऱ्याला घासून काळा. तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या भाच्याने दार लावलं. बोटं वाचली ती अर्ध्या इंचाने. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "रोजच असं उतरते की." आमच्याकडे चाचणीच्या गाड्यांत माणसांऐवजी पाण्याने भरलेले पुतळे बसवायचे. ते गुडघ्यांची तक्रार करत नाहीत. एकोणीस वर्षं पुतळ्यांबरोबर काढली की असं होतं.

म्हणून शोरूमला जाताना सासूबाईंना न्या आणि बरोबर शिंप्याची टेप न्या. घरी ज्या खुर्चीतून त्या हाताचा आधार न घेता उठतात तिच्या बैठकीची उंची आधी मोजा. मग गाडी सपाट जमिनीवर उभी असताना मागच्या सीटच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजा. सीट त्या खुर्चीहून थोडी उंच असेल तर उत्तम, म्हणजे त्यांना चढावंही लागत नाही आणि उठावंही लागत नाही, नुसतं वळून बसायचं. क्रॉसओव्हर घरात आणायचं हेच खरं कारण. खाली वाकून बसायच्या सेडानमध्ये ऑपरेशन झालेला गुडघा नव्वद अंशांच्या पलीकडे दुमडावा लागतो आणि तिथेच दुखतं. पण खूप उंच झाली, तर पाय उचलताना दुखतं. उंबऱ्याची रुंदीही बघा. तीनदा चढवा, तीनदा उतरवा. सेल्समन घाई करेल, करू द्या. तिसऱ्या वेळी त्यांचा हात आपोआप कुठे जातो ते बघा. छताजवळच्या कडीवर गेला तर गाडी तुमची. दाराच्या काचेवर किंवा पुढच्या सीटच्या डोक्यावर गेला तर पुन्हा विचार करा. मधल्या सीटला हेडरेस्ट आहे का, तेही ज्या मॉडेलचं बुकिंग करणार त्याच गाडीत डोळ्यांनी बघा, माहितीपत्रकात नको.

मग नवऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही स्वतः मागे बसा. हायवेवर नेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. आमच्या पीथमपुरात ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा, जून २०२१ मध्ये उद्घाटन झालं. बघायला डोळे दिपतात, पण कुटुंबाच्या गाडीबद्दल त्या गुळगुळीत रिंगणात मला कधी फारसं कळलं नाही. कळायचं ते खडबडीत दगडी पट्ट्यावर, तीसच्या स्पीडला. तुमच्याकडे तो पट्टा फुकट आहे: पाइपलाइन टाकून नुसती माती लोटलेली कुठलीही गल्ली. तीसने न्या. एखादा ब्रेकर तिरका घ्या, म्हणजे एक चाक वर आणि एक खाली. क्रेटाची मागची दोन चाकं एका पिळणाऱ्या आडव्या दांड्याने जोडलेली आहेत, स्वतंत्र नाहीत. हे स्वस्त पडतं आणि डिकीला जागा सोडतं, पण एका चाकाचा धक्का थोडा दुसऱ्याला कळतो. तो तुम्हाला किती कळतोय ते मागे बसूनच समजेल. एक गंमत सांगतो. यार्डात गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहतात, टायर एका जागी चपटू नयेत म्हणून त्यांत हवा जास्त भरलेली असते. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीतही कधीकधी तीच हवा राहते आणि लोक घरी येऊन म्हणतात, "शॉकअप फार कडक आहेत हो." आधी हवा बघायला सांगा.

चाकांचं म्हणाल तर १६ इंची चाकाला २०५/६५ टायर येतो, १७ इंचीला २१५/६०. हिशेब केला तर रबराची भिंत पहिल्यात १३३ मिलिमीटर, दुसऱ्यात १२९. फरक चारच मिलिमीटरचा, त्यावरून भांडू नका. कोणी बाहेरून १८ इंची अलॉय बसवायला सांगितलं तर मात्र हात जोडा.

इंजिनाकडे येतो, कारण दिरांशी तुम्हाला आकड्यांनीच बोलावं लागेल. तुमचं वर्षाचं चालणं बारा हजार किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल ऑटोमॅटिकचं कागदावरचं एव्हरेज १७.७, डिझेल ऑटोमॅटिकचं १९.१. कागद खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतला असतो. पलासियाच्या सिग्नलवर पेट्रोलचे बारा मिळाले तरी पेढे वाटा. तरी तुलनेपुरता कागद धरू: वर्षाला पेट्रोल ६७८ लिटर, डिझेल ६२८ लिटर. फरक पन्नास लिटरचा. डिझेल लिटरमागे दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त धरलं तरी वर्षाला वाचतात ते बारा-पंधरा हजार, आणि नव्या गाडीत डिझेलसाठी सुरुवातीलाच लाखाहून जास्त मोजावे लागतात. ते भरून निघेपर्यंत तुमची मुलगी कॉलेजात जाईल. जुन्या गाडीत हा फरक कमी असेल, पण तिथे दुसरीच भानगड आहे. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच आतली काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं पळावं लागतं. घर ते शाळा तीन किलोमीटर, शाळा ते भाजी दोन किलोमीटर, असं रोजचं असेल तर ते जळण अर्ध्यात तुटतं, पुन्हा तुटतं, आणि एक दिवस दिवा लागतो. मग वर्कशॉप. २०२१ ची डिझेल आधीच्या मालकाने कुठे चालवली, राऊ-मानपूरच्या मोकळ्या रस्त्यावर की राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत, हे मीटरवर लिहिलेलं नसतं.

टर्बोही तुमच्यासाठी नाही. २०२४ पासूनचं १.५ टर्बो १६० पीएसचं आहे, सुंदर पळतं, तुमच्या यजमानांनी एकदा चालवलं तर घरी परत येणार नाहीत. पण त्याला जोडलेला गिअरबॉक्स दोन क्लचचा. सीतलामाता बाजाराच्या तोंडावर इंच-इंच सरकताना ते क्लच घासत राहतात आणि तापतात. रोज अशा गर्दीत असणाऱ्याने तो घेऊ नये. साध्या पेट्रोलचा सीव्हीटी, कंपनी त्याला आयव्हीटी म्हणते, गिअरच बदलत नाही. दोन पुलींमधली साखळी वर-खाली सरकते आणि गाडी लोण्यासारखी निघते. त्याचा दोष असा, की पाय जोरात दाबला तर इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते. यजमान कुरकुर करतील. पाच माणसं आणि नाशिकची द्राक्षं घेऊन बिजासन घाट चढताना ट्रकला मागे टाकायचं तर जागा नीट बघून टाकावं लागेल, हे मी लपवत नाही. १४४ न्यूटन-मीटरच आहेत, आणि तेही इंजिन चांगलं फिरल्यावर.

पण घाट चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट तुम्हाला ठाऊकच आहे, ब्रेक तापलेले ट्रक तिथे काय करायचे ते पेपरात वाचलेलं असेल. ऑटोमॅटिक घेतलेली बरीच माणसं अशा उतारावर "डी" वर ठेवून ब्रेकवर पाय देऊन उतरतात. तसं करू नका. दांडी मॅन्युअलच्या बाजूला सारा आणि टप्पा खाली आणा, इंजिनालाच गाडी धरू द्या. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. सीव्हीटीला खरे गिअर नसले तरी हा सल्ला तसाच लागू आहे.

फीचर्सबद्दल. मोठं सनरूफ माळव्याच्या मे महिन्यात किती दिवस उघडाल याचा हिशेब यजमानांना मांडायला सांगा. वर जड काच आली की गाडीचा भार थोडा वर सरकतो, पण तो जाणवण्याइतका नाही. माझी अडचण वेगळी आहे. सनरूफच्या कोपऱ्यांतून पाणी जायला बारीक नळ्या असतात, त्या खांबांतून खाली उतरतात. माझी गाडी कडुनिंबाखाली उभी असायची. दुसऱ्या पावसाळ्यात छताचं कापड ओलं झालं, मी वर्कशॉपला काच बदलायला निघालो होतो. निघालं काय, तर नळीच्या तोंडाशी लिंबाच्या काड्यांचा बोळा. घेतलंत तर दर मृगाच्या आधी कपभर पाणी कोपऱ्यात ओतून बघा, खाली चाकापाशी ठिबकलं पाहिजे. छतापुरती मुलांची हौस असेल तर घ्या, नाही तर नाही.

रडार आणि कॅमेऱ्यावर चालणारी मदत, ज्याला एडास म्हणतात, क्रेटात २०२४ पासून वरच्या मॉडेलांत आहे, १९ कामांची. बायपासवर रात्री समोर अचानक ट्रॉली आली तर स्वतः ब्रेक लावणं, हे एक काम मला पटतं. लेन धरून ठेवणारं स्टेअरिंग मात्र आपल्याकडे पट्टे पुसलेले असताना हातात कुस्ती खेळतं, लोक वैतागून बंद करतात. तुमच्या वापरासाठी एवढ्यावरून वरचं मॉडेल घेण्यासारखं नाही. घेतलंच, तर पुढे लोखंडी गार्ड लावू नका. ते रडारच्या तोंडावर येतं, एअरबॅगच्या सेन्सरच्या हिशेबात ढवळाढवळ करतं, आणि २०१७ च्या अखेरीपासून केंद्राने त्यावर बंदीच घातली आहे. पुढची काच फुटून बदलली, तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यायला विसरू नका.

उलट पुढच्या सीटमधून येणारी गार हवा, जिला मी आधी चोचला म्हणायचो, ती तुमच्या मॉडेलात मिळत असेल तर घ्या. मे मध्ये दुपारी दोन वाजता सेंधव्याला पोचल्यावर चालवणाऱ्याची पाठ कोरडी असते आणि चालवणारा शुद्धीत असतो. मागे एसीचे झोत हवेतच.

सात सीटची अल्काझार कोणी सुचवेल. तिचं चाकांमधलं अंतर क्रेटापेक्षा १५० मिलिमीटर जास्त आहे, पण पाच माणसांना तिसरी रांग लागत नाही आणि तुमच्या गल्लीत ती वळवायची कुणी? इलेक्ट्रिक क्रेटा जानेवारी २०२५ मध्ये आली, ४२ आणि ५१.४ किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्यांची, तेव्हा कागदावर ३९० आणि ४७३ किलोमीटर. इंदुरातल्या महिन्याच्या सात-आठशे किलोमीटरला ती फार शोभून दिसेल, खाली स्वतःचं पार्किंग आणि मीटर असेल तर. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या मीटिंगआधी बुकिंग करू नका. किमतीचं एवढंच, की २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर सेस गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी आला. त्याआधीचं कोटेशन कुणी दाखवलं तर फाडून टाका.

डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळाआधी दोन मिनिटं द्या. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर आणि स्टेपनी एकाच सुमाराची आहेत ना बघा. मुलीला मधे बसवून पट्टा लावून बघा, तो मानेवर घासतो की खांद्यावर बसतो. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर हवेचा आकडा असतो, रिकाम्या गाडीचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. शोरूमच्या पोराला सांगून तेवढीच हवा ठेवायला लावा आणि मगच किल्ली घ्या.